खुराड्याच्या दाराची चाळीस वर्षं

1 मे 1981 रोजी जालना जिल्हा झाला. माझ्या आठवणी साधारण त्याच सुमारास सुरू होतात आणि त्यात पहिल्यांदा दिसतं ते आजीचं डालगं. निरगुडीच्या फोकांचं विणलेलं, शेणानं सारवलेलं, वर दगडाचं वजन ठेवलेलं. आमचं गाव अंबड तालुक्यातलं, गोदाकाठापासून थोडं आत. दिवेलागणीच्या आधी आजी मूठभर कणी अंगणात फेकून कोंबड्या बोलवायची, एकेक मोजायची आणि डालायची. कोंबड्या डालल्याशिवाय तिनं कधी दिवा लावला नाही.

त्या काळी मांजर हा घराचाच भाग होता. बळदात ज्वारी असायची, ज्वारीला उंदीर लागायचे आणि उंदरांसाठी मांजर हवं असायचं. माळवदाला माळवद लागून असल्यामुळे एक मांजर चार घरं राखायचं. कधी कोंबडीचं पिल्लू उचलायचंही. तेव्हा आजी रागवायची, हातातलं फडकं भिरकावायची. पण मांजरावर काठी टाकू द्यायची नाही. मांजर मारलं तर सोन्याचं मांजर करून काशीला जावं लागतं, ही समजूत गावात पक्की होती. एवढं सोनं कुणाकडे नव्हतं, त्यामुळे मांजरं जगत होती. आज मला त्या समजुतीतलं शहाणपण दिसतं. ज्याचे आपल्या धान्यावर उपकार आहेत त्याचा जीव घ्यायचा नाही, एवढंच ती सांगत होती.

मग मांजरं 'मोकाट' कधी झाली? माझ्या मते याचं उत्तर ऊसतोडीत आहे. दसरा-दिवाळी झाली की आमच्याकडची कितीतरी कुटुंबं कोयते घेऊन कारखान्यांकडे निघतात. गाडीत भांडीकुंडी जातात, लेकरं जातात, कोंबड्याही टोपल्यात घालून नेल्या जातात. मांजर मात्र मागे राहतं, कारण ते माणसापेक्षा घराला धरून असतं. दाराला कुलूप लागतं आणि कालपर्यंत भाकरी-दुधावर वाढलेलं जनावर उकिरड्यावर येतं. मांजरीचे दिवस दोन महिन्यांत भरतात आणि वर्षाकाठी दोन-तीन वेळा ती वितेही. ऊसतोडीची माणसं परत येईपर्यंत एकाची पाच मांजरं झालेली असतात. ज्यांना आपण चोर म्हणतो, ती आपणच दाराबाहेर ठेवलेली आहेत, हे समजायला मला फार वर्षं लागली.

2000 नंतर परसातल्या कोंबड्याच बदलल्या. बचत गटांमधून वनराजा आणि गिरिराज या जातींची पिल्लं गावात आली. हैदराबादच्या कुक्कुट प्रकल्प संचालनालयानं तयार केलेली वनराजा अंडी जास्त देते, वजनालाही भरते. अंड्यांचे पैसे बाईच्या हातात राहतात, म्हणून आईसह गल्लीतल्या सगळ्याजणींनी ती हौसेनं घेतली. पण एक गोष्ट तेव्हा कुणी आम्हाला सांगितली नाही. गावरान कोंबडी खुडूक बसते, एकवीस दिवस अंडी उबवते आणि पुढे पिल्लांसाठी मांजराच्या अंगावर पिसं फुलवून धावून जाते. यंत्रात उबवलेल्या पिल्लांना आईच नसते. धोका दिसताच पंखाखाली बोलावणारी हाक त्यांनी कधी ऐकलेलीच नसते. जड अंगाची कोंबडी झाडावरही चढू शकत नाही. आईचं काम आता माणसानं करायचं होतं आणि आम्ही ते केलं नाही.

त्याची किंमत 2005च्या हिवाळ्यात मोजावी लागली. वीस पिल्लांना बारीक तारेची षट्कोनी जाळी लावून ठेवलं होतं. सकाळी नऊ उरली. मांजर आत शिरलंच नव्हतं. पिल्लं थंडीनं जाळीला चिकटून बसली होती आणि मांजरानं पंजा घालून एकेक ओढलं होतं. आई दिवसभर बोलली नाही. आठवड्यानं गल्लीत कुणीतरी भाकरीत विषारी औषध कालवून ठेवलं. दोन मांजरं मेली, एक कुत्रं मेलं आणि उरलेली भाकर टिपून आमच्याच तीन कोंबड्याही मेल्या. त्याआधी पोत्यात घालून ओढ्यापलीकडे मांजरं सोडायचा प्रयोगही झाला होता. काही परत आली, काहींच्या मोकळ्या जागेवर दुसरी आली. मारूनही प्रश्न सुटला नाही आणि हाकलूनही सुटला नाही, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं.

फेब्रुवारी 2006 मध्ये नवापूरला बर्ड फ्लू निघाला, देशातला पहिलाच. आमच्या गावात रोग आला नाही, पण कोंबडीचा भाव पार बसला. पुढे 2012-13चा दुष्काळ आला. जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. शेतात दाणा नाही म्हणून उंदीर नाही, आणि उंदीर नाही म्हणून उपाशी मांजरं सगळी घरांकडे वळली. त्या वर्षी घराघरातली पिल्लं गेली. आईनं मात्र त्याच वर्षी हट्टानं खुराडं मोडून नव्यानं बांधलं.

त्यातलं प्रत्येक काम मागच्या चुकीतून आलं होतं. पातळ जाळीऐवजी अर्ध्या इंची चौकोनी छिद्रांची वेल्डमेश लावली, म्हणजे पंजा आत जात नाही. खालून दोन फूट फळ्या ठोकल्या, म्हणजे पिल्लं जाळीला टेकली तरी बाहेरून दिसत नाहीत. जाळीची एक फूट पट्टी जमिनीवर बाहेरच्या बाजूला दुमडून त्यावर दगड रचले, म्हणजे उकरून वाट होत नाही. मांजर वरून उतरतं, म्हणून माथाही बंद केला. पण सगळीकडून पत्रा ठोकला तर आमच्या उन्हाळ्यात कोंबड्या आतच उकडून मरतील. म्हणून दोन बाजू जाळीच्या ठेवल्या आणि पत्र्यावर पऱ्हाट्यांचा थर टाकला. दाराला कडी आणि कडीत खिळा. पिल्लं पाच-सहा आठवड्यांची होईपर्यंत दिवसाही झाकलेल्या जाळीतच राहतील, हा नियम केला. मोठ्या झालेल्या कोंबडीला मांजर सहसा भीत असतं. त्याचा डोळा पिल्लांवर असतो. तेवढे दिवस काढले की निम्मी लढाई संपते.

उकिरड्याचाही विचार झाला. कोंबडी कापली की पिसं आणि आतडी तिथंच फेकायची, ही सगळ्यांची सवय. मांजराला कोंबडीची चव आणि घराची वाट आपणच शिकवत होतो. आता ते सगळं खड्ड्यात पुरलं जातं. मानमोडी रोगानं मेलेली पिल्लंही पूर्वी उघड्यावर पडायची, मांजर ती उचलायचं आणि सगळा आळ मांजरावर जायचा. लसीकरण सुरू झालं तेव्हा कळलं, मांजराच्या नावावर लिहिलेली कितीतरी पिल्लं रोगानं गेली होती.

2019च्या पशुगणनेत देशातल्या परसातल्या कोंबड्या 31 कोटींवर गेल्याचं दिसलं. आधीच्या गणनेपेक्षा ही वाढ 45 टक्क्यांहून जास्त होती. कोंबड्या वाढल्या की हा प्रश्नही वाढणार. जानेवारी 2021 मध्ये शेजारच्या परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्याला बर्ड फ्लूनं शेकडो कोंबड्या मेल्या. 2025च्या सुरुवातीला नागपूरपलीकडच्या छिंदवाड्यात पाळीव मांजरांमध्येही हाच विषाणू सापडला. त्यानंतर मी गावात सांगत आले, की जाळी दोघांसाठी आहे. कोंबडीला मांजरापासून वाचवते, तशी मांजरालाही आजारी कोंबडीपासून वाचवते.

कायदाही आता स्पष्ट आहे. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धचा कायदा 1960 पासून आहेच. जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जनावराला विष घालणं किंवा मारणं यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. 2023च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत कुत्र्यांबरोबर मांजरांचाही विचार आहे. नसबंदी केलेलं मांजर आपली जागा धरून राहतं, नव्याला सहज येऊ देत नाही, उंदीरही मारतं आणि संख्या मात्र वाढत नाही. आमच्या गल्लीनं वर्गणी काढून पशुवैद्यकाकडून पाच मांजरांची शस्त्रक्रिया करून घेतली. ओळखीसाठी त्यांच्या कानाचं टोक किंचित कापलेलं आहे. ऊसतोडीला जाणारी दोन घरं आता निघताना शेजारी सांगून जातात, मांजराला भाकर टाका म्हणून.

गेल्या तीन वर्षांत आमची दोन पिल्लं मांजरानं नेली. दोन्ही वेळा लग्नाहून यायला उशीर झाला होता आणि दार अंधार पडल्यावर लागलं होतं. मांजराची शिकारीची वेळ पहाट आणि तिन्हीसांज. कोंबडीला अंधारात जवळजवळ दिसत नाही. या दोन गोष्टी माणसाला बदलता येत नाहीत. आपल्या हातात फक्त दाराची वेळ आहे. आजीला यातलं काही पुस्तकातून माहीत नव्हतं. तरी ती दिव्याच्या आधी कोंबड्या मोजायची. आता मीही मोजते, कडी लावते, खिळा घालते. पत्र्यावर कान कापलेली मांजर बसलेली असते. तिच्यासाठी भाकरीचा तुकडा ठेवते आणि मग दिवा लावते.