शब्दांच्या पोटात शिरून पाहा

दहावीपर्यंत मराठीतून विज्ञान शिकलेला मुलगा अकरावीच्या वर्गात येतो, तेव्हा त्याला विज्ञानापेक्षा शब्दांचीच धास्ती अधिक वाटते. वाशीम, रिसोड, मंगरूळपीर, मानोरा अशा गावांतून आलेल्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवताना हे मी नेहमी पाहतो. गणित येत असते, प्रयोग जमत असतो. पण इंग्रजी संज्ञा समोर आली की घोकंपट्टी सुरू होते. वास्तविक यांतले बहुतेक शब्द एके काळी अगदी साधे, घरगुती होते. त्यांचे कवच फोडले की आत एखादे चित्र सापडते, आणि ते चित्र एकदा पाहिले की शब्द सहसा विसरत नाही. अशी काही चित्रे आज आपल्याच परिसरात शोधू या.

पायऱ्यांचा दगड

आपल्याकडे विहीर खणताना आधी काळी माती लागते, मग मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. या पाषाणाला भूगोलाच्या पुस्तकात ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात. शब्दकोशात ‘ट्रॅप’ म्हणजे सापळा असा अर्थ सापडतो आणि विद्यार्थी बुचकळ्यात पडतो. दगडाचा आणि सापळ्याचा काय संबंध? काहीच नाही! हा ट्रॅप निराळा. तो स्वीडिश भाषेतल्या ‘ट्रापा’ या शब्दापासून आला आणि त्याचा अर्थ आहे जिना.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी येथे जमिनीतील भेगांतून लाव्हारस पुन्हा पुन्हा बाहेर आला आणि त्याचे थरावर थर साचले. काही थर कठीण, तर काही ठिसूळ. ठिसूळ भाग लवकर झिजला, कठीण भाग टिकून राहिला आणि डोंगरांच्या उतारांवर पायऱ्या दिसू लागल्या. अजिंठ्याच्या किंवा सह्याद्रीच्या डोंगराकडे दुरून पाहा, म्हणजे हा जिना लगेच ओळखू येईल. आणि ‘डेक्कन’? तो तर आपलाच. दक्षिण, दक्खन, डेक्कन असा त्याचा प्रवास आहे.

लोणारचे भांडे

वाशीम जिल्ह्याच्या पश्चिमेला, शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात लोणारचे सरोवर आहे. आकाशातून आलेल्या अशनीच्या आघाताने या काळ्या पाषाणात सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खळगा पडला. अशा खळग्याला इंग्रजीत ‘क्रेटर’ म्हणतात. प्राचीन ग्रीक लोक द्राक्षरसाच्या मद्यात पाणी मिसळण्यासाठी रुंद तोंडाचे मोठे भांडे वापरीत. त्या भांड्याचे नाव ‘क्राटेर’, म्हणजे ‘मिसळण्याचे पात्र’. ज्वालामुखीच्या मुखाला हे नाव मिळाले, चंद्रावरच्या विवरांना मिळाले आणि आपल्या लोणारलाही मिळाले. ग्रीकांना त्यात भांडे दिसले. आपल्या लोकांना मात्र खारट पाणी जाणवले. म्हणूनच ‘लोणार’ या नावात ‘लवण’ आहे.

इंजिनाचा धाकटा भाऊ

कारंज्यासारख्या कापसाच्या जुन्या बाजारपेठेत ‘जिन’ हा शब्द लहान मुलांच्याही ओळखीचा असतो. सरकी आणि रुई वेगळी करणारे यंत्र ते जिन. आता ‘इंजिन’ या शब्दातले पहिले अक्षर गाळा. काय उरले? जिनच! दोन्ही शब्दांचे मूळ लॅटिन ‘इंगेनियम’ या शब्दात आहे. त्याचा अर्थ उपजत बुद्धी किंवा कल्पकता. आधी हुशारीला, मग हुशारीने केलेल्या यंत्राला हा शब्द लागू झाला आणि बोलता बोलता त्याचे ‘जिन’ उरले. ‘इंजिनिअर’ याच कुटुंबातला. तेव्हा इंजिनिअर म्हणजे मुळात डोके चालवणारा माणूस! त्या जिनात जाणाऱ्या कापसाचे ‘कॉटन’ हे नाव अरबी ‘कुत्न’ या शब्दावरून युरोपात गेले आहे.

ज्या, जेब आणि साइन

आता सर्वांत लांबचा प्रवास पाहू. पाचव्या शतकात, जेव्हा आपले वाशीम ‘वत्सगुल्म’ या नावाने वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होते, त्याच शतकाच्या अखेरीस, इसवी सन ४९९ मध्ये, आर्यभटाने ‘आर्यभटीय’ रचले. त्यात वर्तुळाच्या अर्ध्या ज्यांचे कोष्टक आहे. ‘ज्या’ म्हणजे धनुष्याची दोरी. वर्तुळाचा कंस हे धनुष्य मानले, तर त्याची टोके जोडणारी रेषा ही दोरीच नव्हे काय? ज्येलाच ‘जीवा’ असेही म्हणत.

हे गणित अरबांनी घेतले आणि ‘जीवा’चे ‘जीबा’ झाले. अरबी लिपीत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहीत, त्यामुळे पुढील वाचकांनी तीच अक्षरे ‘जैब’ अशी वाचली. जैब म्हणजे अंगरख्याच्या छातीपाशी पडणारी घडी. हिंदीतला ‘जेब’ तोच. बाराव्या शतकात लॅटिन भाषांतर करताना या घडीसाठी ‘सायनस’ हा शब्द योजला गेला आणि त्याचेच इंग्रजीत ‘साइन’ झाले. डॉक्टर नाकाजवळच्या पोकळ्यांना सायनस म्हणतात, तो शब्दही हाच. घरातल्या विजेच्या प्रवाहाचा आलेख साइन वक्राचा असतो. त्या वक्राच्या नावामागे आपल्या धनुष्याची दोरी आहे, हे ध्यानात ठेवा.

एक सावधगिरी

मात्र शब्दाचे मूळ म्हणजे वस्तूची व्याख्या नव्हे. ‘ऑक्सिजन’ या शब्दाचा ग्रीक मुळांवरून अर्थ होतो ‘आम्ल निर्माण करणारा’. प्रत्येक आम्लात हा वायू असतो, अशा समजुतीने लाव्हाझिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने हे नाव दिले. पुढे १८१० मध्ये हंफ्री डेव्ही याने दाखवून दिले, की हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजन मुळीच नाही. ‘ॲटम’ म्हणजे ‘न कापता येणारा’. त्यातला ‘अ’ आपल्या ‘अज्ञान’मधल्या ‘अ’सारखाच नकार दाखवतो. पण १८९७ मध्ये जे. जे. थॉमसन याने इलेक्ट्रॉन शोधला आणि अणूलाही अंतरंग आहे हे कळले. नावे तीच राहिली, ज्ञान पुढे गेले. शब्द देणाऱ्याला त्या वेळी काय वाटले, ते व्युत्पत्ती सांगते. खरे काय, ते प्रयोगच सांगतो.

तुम्हीही करून पाहा

एका वहीत तीन रकाने आखा: शब्द, त्यातले जुने चित्र आणि आजचा शास्त्रीय अर्थ. चांगल्या शब्दकोशाच्या मदतीने आठवड्याला दोन शब्द भरा. सुरुवातीला ‘लेन्स’ घ्या. फुगीर भिंग आडवे धरून कडेने न्याहाळा आणि मग स्वयंपाकघरात जाऊन अख्ख्या मसुराचा एक दाणा शेजारी ठेवा. लॅटिन बोलणाऱ्यांनी या दाण्याला काय नाव दिले होते, ते शब्दकोशात शोधा. पहिला रकाना तुमचा तुम्हीच भराल.