आवळू नका, बॉस!

रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले दिसले, की समजायचं, आणखी एकजण ऑइल चेंज शिकला. दोन व्हिडिओ बघायचे, ऑइलचा कॅन नि फिल्टर मागवायचा आणि सर्व्हिसच्या बिलातली 'लेबर' ही ओळ कायमची कापून टाकायची. फंडा सही आहे. (गाडी वॉरंटीत असेल तर मात्र हे उद्योग नकोत.) ऑइल काढणं सोपं, भरणं त्याहून सोपं. गडबड होते ती मधल्या दोन मिनिटांत. चेंबरच्या बुडाचा तो एक बोल्ट, म्हणजे ड्रेन प्लग, परत लावताना.

तो गळेल ही भीती सगळ्यांनाच असते. आणि गळतीवर आपल्याकडे दोनच उपाय ठरलेले. एक, 'अजून थोडं आवळ'. दोन, 'काहीतरी लाव'. मग कुणी नळाला गुंडाळतात ती टेफ्लॉन टेप आट्यांवर गुंडाळतो, कुणी अ‍ॅनाबॉन्ड फासतो, तर कुणी सरळ एम-सील थापून मोकळा होतो. पुढच्या वेळी ऑइल कुठून काढायचं, हा प्रश्न पुढच्या वेळचा!

गंमत अशी, की या बोल्टला फार कशाशी झुंजायचंच नसतं. 'ऑइल प्रेशर' हा शब्द ऐकून वाटतं, आत केवढा दाब असेल. पण तो दाब पंपाच्या पुढे तयार होतो. चेंबरमध्ये ऑइल नुसतं पडून असतं, आणि पंप ते जाळीतून ओढून वर पाठवतो. प्लगवर भार असतो तो डोक्यावरच्या चार-सहा इंच ऑइलचा. बादलीच्या बुडाशी पाण्याचा जेवढा असेल तेवढाच. तेव्हा प्लग घट्ट हवा तो दाब अडवायला नव्हे, तर गाडीच्या थरथरीने सैल होऊ नये आणि वायसर नीट दाबला जावा म्हणून.

खरा हीरो तो वायसरच. आटे गळती थांबवत नाहीत. ते एखाद्या गोल जिन्यासारखे असतात, ऑइल आरामात उतरून बाहेर येऊ शकतं. वाट अडवतो तो प्लगच्या डोक्याखालचा मऊ धातूचा चपटा वायसर, तांब्याचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा. बोल्ट आवळला की हा मऊ धातू चेंबरच्या आणि प्लगच्या पृष्ठभागावरच्या बारीक ओरखड्यांत दबून बसतो आणि फट भरते. एकदा असा दबलेला वायसर दुसऱ्यांदा तसा दबत नाही. तांब्याचा वायसर लाल होईपर्यंत तापवून पुन्हा मऊ करायची जुन्या मिस्त्र्यांची युक्ती आहे, आणि ती चालते. पण चहा-वडापावच्या खर्चात नवा मिळत असताना गॅसपाशी कोण उभं राहणार? फोक्सवॅगनच्या बऱ्याच गाड्यांत वायसर प्लगलाच जोडलेला असतो, तिथे अख्खा प्लगच नवा घ्यायचा.

टेप आणि सिलिकॉनचं दुखणं वेगळंच. जास्तीचं सिलिकॉन आतल्या बाजूला बाहेर येतं, वाळतं आणि तुकडे सुटून त्या पंपाच्या जाळीवर जाऊन बसतात. टेपच्या चिंध्यांचंही तेच. शिवाय टेपमुळे आटे गुळगुळीत होतात, म्हणजे हाताला नेहमीएवढाच जोर वाटतो पण बोल्ट प्रत्यक्षात जास्त ताणला जातो.

मग किती आवळायचं? मारुती-सुझुकीच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांना ३५ न्यूटन-मीटर, होंडाच्या गाड्यांना ३९ च्या आसपास. तुमच्या गाडीचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा. वीतभर लांब, म्हणजे २५ सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला साधारण १४ किलोचा जोर दिला की ३५ होतात. एका हाताचं काम आहे हो! पान्यात पाइप घालून, पाय टेकवून, दात ओठ खाऊन करायचं हे काम नाही. प्लग पोलादाचा आणि बऱ्याच गाड्यांचा चेंबर अ‍ॅल्युमिनियमचा, त्यामुळे हार कोण मानणार हे ठरलेलं. आधी पाना जड जातो, मग एकदम हलका होतो आणि प्लग नुसता फिरत राहतो. आटे गेले. नशीब बरं असेल तर नवे आटे पाडून बुश बसतो, नाहीतर नवा चेंबर. वाचवलेल्या 'लेबर'चा हिशेब तिथेच बुडाला.

दुसऱ्या टोकाची चूकही महाग पडते. सैल राहिलेला प्लग एक्स्प्रेस-वेवर निघून पडला, तर तीनेक लिटर ऑइल बघता बघता रस्त्यावर येतं. डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा लागला तर पुढच्या टोलनाक्यापर्यंत जाऊ, असं म्हणायचं नाही. बाजूला घ्या आणि लगेच इंजिन बंद करा. इंजिन जाम व्हायला फार वेळ लागत नाही.

तर त्या दोन मिनिटांत करायचं एवढंच. गाडी नुसत्या जॅकवर असेल तर खाली शिरूच नका, पक्के स्टँड लावा. ऑइल कोमट असू दे, उकळतं नको. प्लग काढला की जुना वायसर त्याच्याबरोबर आला का, ते बघा. कधीकधी तो चेंबरलाच चिकटून राहतो, त्यावर नवा चढतो आणि जोडी गळत बसते. दोन्ही पृष्ठभाग फडक्याने पुसा. प्लग लावताना आधी उलटा फिरवा, हलकं 'टक्' झालं की सुलटा. बोटांनीच पूर्ण आत गेला पाहिजे. मध्येच अडला तर पाना उचलायचा नाही, काढून परत लावायचा. शेवटी टॉर्क रेंच. स्वतःचा नसेल तर पार्किंगमधल्या चार गाड्यांत मिळून एक घ्या.

रात्रभर गाडीखाली पुठ्ठा ठेवा. थेंब दिसला तरी लगेच प्लगवर राग काढू नका. फिल्टरमधून झिरपलेलं ऑइलही ओघळत सगळ्यात खालच्या जागी येतं, आणि ती जागा नेमकी प्लगची. आधी सगळं कोरडं पुसा, एक चक्कर मारा, मग ओल कुठून सुरू होते ते टॉर्चने बघा.

जुनं ऑइल गटारात नाही, झाडाच्या बुंध्याशी तर अजिबात नाही. २०१६ च्या नियमांनुसार तो घातक कचरा आहे. रिकाम्या झालेल्या कॅनमध्येच भरा आणि वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजमध्ये देऊन या. येताना पुढच्या वेळेसाठी दोन वायसर घ्या आणि ग्लव्ह बॉक्समध्ये टाकून ठेवा.