सेकंदाला दीड पिंप!

घड्याळाकडे बघा आणि एक सेकंद जाऊ द्या. गेला? तेवढ्यात आपल्या देशाने पेट्रोलमध्ये ३१७ लिटर इथेनॉल ओतलं. दोनशे लिटरचं पिंप धरा, म्हणजे दीड पिंपाहून जास्तच. दुसरा सेकंद, पुन्हा दीड पिंप. तुम्ही झोपा, उठा, चहा घ्या, पिंपं रिकामी होतच राहतात. २०२४-२५ च्या इथेनॉल वर्षात हा आकडा हजार कोटी लिटरांच्या पलीकडे गेला. एकावर दहा शून्यं!

नुसत्या शून्यांनी डोकं गरगरतं, पण चित्र काही दिसत नाही. म्हणून ही शून्यं आपण टँकरमध्ये भरू. वीस हजार लिटरचा एक टँकर, म्हणजे वर्षाला पाच लाख टँकर. एक टँकर दहा मीटर लांब धरून एकामागे एक उभे केले तर रांग ५,००० किलोमीटरची. मुंबई-पुणे अंतर दीडशे किलोमीटर, तेव्हा त्या रस्त्यावर टँकरांच्या तेहेतीस रांगा शेजारी शेजारी लावाव्या लागतील. बोरघाटात एक ट्रक आडवा झाला तर आपला अर्धा दिवस जातो!

टँकर नको, विहिरी घ्या. वीस फूट व्यासाची विहीर, पाणी दहा मीटर खोल. अशा एका विहिरीत तीन लाख लिटरांहून थोडं कमी मावतं. आपण रोज शंभराच्या आसपास विहिरी भरून इथेनॉल जाळतो. पाण्याच्या नव्हे, दारूच्या विहिरी. इथेनॉल म्हणजे शेवटी मद्यार्कच, फक्त तो माणसाऐवजी मोटारीला पाजायचा. तो आंबवायचा कसा, गाळायचा कसा, हे डिस्टिलरीवाल्यांना ठाऊक. आपण मोजत राहू.

याची सुरुवात आपल्याच अंगणात झाली होती. २००१ मध्ये मिरज आणि मनमाडला पाच टक्के मिश्रणाचे प्रयोग झाले. २०१३-१४ मध्ये देशभरात मिळून मिसळलं गेलं ३८ कोटी लिटर. तिथून हजार कोटी! अकरा वर्षांत सव्वीस पट. पगार असा वाढला असता तर हा लेख लिहायची वेळच आली नसती. वीस टक्क्यांचं मूळ लक्ष्य २०३० चं होतं, ते २०२५ मध्येच गाठलं. सरकारने २०२५ मध्ये सांगितलं, २०१४-१५ पासून १.४४ लाख कोटी रुपयांचं परकीय चलन यातून वाचलं. एवढ्या रकमेच्या पाचशेच्या नोटा एकीवर एक रचून ती चवड आडवी केली, तर मुंबईहून पुण्याला जाऊन जवळजवळ परत येते. २८८ किलोमीटर लांब नोटांची गड्डी. हा फायदा खरा आहे, तो कोणी नाकारू नये.

पण ही पिंपं भरतात कशाने?

आपल्या डोक्यात उत्तर पक्कं बसलंय: ऊस. कोल्हापूर, सांगली, अहिल्यानगरची धुराडी. एकेकाळी ते बरोबरही होतं. मग २०२३ चा पाऊस ओढला, साखर कमी पडेल अशी धास्ती घेऊन ७ डिसेंबर २०२३ ला केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला मनाई केली, आठवड्याभरात ती थोडी सैल केली, आणि पुढच्या ऑगस्टमध्ये नव्या हंगामापुरती उठवली. तोवर बाजी पालटली होती. २०२५-२६ साठी तेल कंपन्यांनी वाटलेल्या १,०४८ कोटी लिटरांच्या कोट्यात सगळ्यांत मोठा वाटा मक्याचा आहे. ४७८ कोटी लिटर! उसाचा रस १६६ कोटींवर. अन्न महामंडळाचा तांदूळसुद्धा उसाच्या रसाच्या पुढे, २३३ कोटी लिटर.

एक टन मक्यातून साधारण ३८० लिटर इथेनॉल निघतं. करा भागाकार. १२६ लाख टन मका लागतो. धान्याच्या मालगाडीत ४२ वाघिणी असतात आणि एका गाडीत २,६०० टन माल बसतो. म्हणजे वर्षाला ४,८०० मालगाड्या, रोज तेरा. सुट्टी नाही, दिवाळी नाही, होळी नाही. सगळ्या जोडून उभ्या केल्या तर मुंबई-पुणे लोहमार्गावर सोळा-सतरा रांगा. देशात २०२४-२५ मध्ये ४३४ लाख टन मका पिकला, म्हणजे साडेतीन कणसांतलं एक कणीस सरळ पेट्रोलपंपावर.

आता दुधाकडे वळू, कारण तिथे तर आकड्यांचा महापूर आहे. २०२३-२४ मध्ये देशात २३.९३ कोटी टन दूध निघालं. सेकंदाला साडेसात हजार किलो! इथेनॉलच्या दीड पिंपाशेजारी दुधाची सदतीस-अडतीस पिंपं. एवढ्या मोठ्या नदीला तो ओहोळ काय करणार, असं वाटेल. पण ही नदी गोठ्यातून निघते, आणि गोठा पोत्यावर चालतो. पशुखाद्याच्या पोत्यात मक्याचा भरडा असतो, पेंड असते, कोंडा असतो. गाईला लिटरमागे ४०० ग्रॅम खुराक लागतो, असा ढोबळ हिशेब आहे. खाद्य किलोला चार रुपयांनी चढलं की लिटरमागे एक रुपया साठ पैसे गोठ्यातच चढले. संघाचं कमिशन, वाहतूक, पिशवी, दुकानदार, हे सगळं त्यानंतर. रोज दीड लिटर दूध घेणाऱ्या घराला लिटरमागची दोन रुपयांची वाढ वर्षाला १,०९५ रुपयांना पडते. १ मे २०२५ ला अमूलने नेमके दोन रुपये वाढवले होते.

सगळं खापर इथेनॉलवर फोडलं तर ते खोटं ठरेल. वैरण, मजुरी, डिझेल यांचाही वाटा आहे. शिवाय मका आंबवून झाल्यावर जो चोथा उरतो तो जनावरांना आणि कोंबड्यांना चालतो. टनाला साधारण ३०० किलो, म्हणजे वर्षाला ३८ लाख टनांच्या घरात. एवढा स्वस्त चोथा बाजारात आल्यावर सोयाबीनच्या पेंडीला कोण विचारतो? लातूरचं सोयाबीन हमीभावाखाली गेलं त्यात या चोथ्याचाही हात होता. दोरी इकडे ओढली की तिकडे कोणीतरी पडतोच. २०२४ मध्ये मका तापला, एरवी मका निर्यात करणारा आपला देश म्यानमार आणि युक्रेनहून मका आणू लागला. शेतकऱ्यांनी हुरूप येऊन पेरा वाढवला आणि २०२५ च्या खरिपात भाव २,४०० रुपये हमीभावाच्या पार खाली आपटला. मका आपटला, दुधाची पिशवी मात्र होती तिथेच. वर जाताना लिफ्ट, खाली येताना जिना, आणि जिन्यावर बसून राहायची सवय. भावांची ही जुनी खोड आहे.

किराण्यातलं तेलही या गोष्टीतलंच. आपण वर्षाला सुमारे १६० लाख टन खाद्यतेल बाहेरून आणतो, सेकंदाला पाचशे किलो. त्यातला मोठा भाग पामतेल. तिकडे इंडोनेशियाने २०२५ पासून डिझेलमध्ये चाळीस टक्के पाम-डिझेल घालायचं ठरवलं आणि वर्षाचा कोटा ठेवला १,५६० कोटी लिटरांचा. वजनात सुमारे १३५ लाख टन. आपल्या सगळ्या घरांच्या, हॉटेलांच्या, वडापावच्या गाड्यांच्या कढयांत बाहेरून जेवढं येतं, जवळपास तेवढंच तेल एकटा इंडोनेशिया गाड्यांच्या टाकीत ओतायला निघालाय! अमेरिका तर आपल्या देशात पिकतो त्याच्या तिप्पट मका इथेनॉलला घालते. तिथला मका महागला म्हणून २००७ च्या जानेवारीत मेक्सिकोत लोक टॉर्टिलासाठी, म्हणजे मक्याच्या भाकरीसाठी, रस्त्यावर उतरले होते.

हे सगळं जव्हार तालुक्यातल्या साखरशेत गावाला नेऊन मोजलं तर? या डोंगरउतारांवर भात, नागली, वरई. दिवाळी झाली की माणसं वीटभट्ट्यांवर. चहा बहुतेक कोरा. दुधाचा भाव वाढला काय अन् पडला काय, असं वरवर वाटतं. थांबा, इथले आकडे तर सगळ्यांत भन्नाट आहेत.

पाण्यापासून सुरू करू. नीती आयोगाच्या आराखड्यातच लिहिलंय की उसापासून एक लिटर इथेनॉल करायला सुमारे २,८६० लिटर पाणी लागतं. दुचाकीत पाच लिटर पेट्रोल भरलं की त्यात एक लिटर इथेनॉल आलंच. पंधरा लिटरचा हंडा धरला तर १९० हंडे. शेजारच्या मोखाड्यात उन्हाळ्यात बाई डोक्यावर दोन हंडे घेऊन चढण चढते. तिच्या ९५ खेपा. आणि याच मोखाड्यात २०१४ मध्ये बांधून झालेलं मध्य वैतरणा धरण मुंबईला रोज ४५ कोटी लिटर पाणी पाजतं.

तांदूळ घ्या. २०२४-२५ साठी केंद्राने इथेनॉलला ५२ लाख टन तांदूळ मंजूर केला, किलोला साडेबावीस रुपयांनी, म्हणजे ११,७०० कोटींचा. सरकारला तोच तांदूळ पडतो चाळिशीच्या घरात. गोदामं ओसंडून वाहत होती हे खरं. पण २०११ च्या जनगणनेत जव्हार आणि मोखाडा मिळून माणसं सव्वादोन लाखांच्या आत. रेशनसारखा माणशी महिना पाच किलो वाटत सुटलो, तर हा तांदूळ संपायला ३८७ वर्षं लागतील! शिवराय आठ वर्षांचे असताना वाटप सुरू केलं असतं, तर शेवटचं पोतं आत्ता कुठे उसवलं असतं.

आणि आता अंडं. आदिवासी भागातल्या अंगणवाड्यांत अमृत आहार योजनेतून मुलांना महिन्यात सोळा दिवस अंडं किंवा केळी मिळतात. अंडं देणाऱ्या कोंबडीच्या खाद्यात निम्म्याहून जास्त मका असतो. अंड्यामागे सत्तर-बहात्तर ग्रॅम. एका लिटर इथेनॉलचा मका दोन किलो सहाशे ग्रॅम, म्हणजे छत्तीस अंडी. एका पोराची दोन महिन्यांची अंडी भरून वर चार शिल्लक! तेवढं इथेनॉल मिसळलेल्या पाच लिटरांत दुचाकी मुंबईहून जुन्या रस्त्याने पुणं गाठते आणि परतताना खोपोली ओलांडून कुठेतरी बंद पडते. आता देशाचा हिशेब. २०२३-२४ मध्ये भारतातल्या साऱ्या कोंबड्यांनी मिळून १४,२७७ कोटी अंडी दिली. त्या एकूण एक अंड्यांना लागणारा मका साधारण एक कोटी टन. आणि इथेनॉलच्या वाट्याला किती? एक कोटी सव्वीस लाख टन! देशातली अंडी देणारी एकूण एक कोंबडी वर्षभर जेवढा मका टिपते त्याहून जास्त मका आपण टाकीत ओततो.

जानेवारी २०२४ मध्ये मका महाग झाला म्हणून तेल कंपन्यांनी मक्याच्या इथेनॉलचा दर लिटरला ६६.०७ वरून ७१.८६ रुपये केला. एका झटक्यात ५.७९ रुपयांची वाढ, कारण कारखान्याला परवडलं पाहिजे. अंगणवाडीत मात्र मुलामागची रक्कम शासन निर्णयात ठरलेली असते, आणि अंड्याचा बाजारभाव त्या कागदाला विचारून चढत नाही. पिंपाला जो न्याय लावला तोच अंड्याला लावा. इथेनॉलचा खरेदीदर ज्या दिवशी वाढेल, त्याच दिवशी अमृत आहारातल्या अंड्याचा दरही वाढलाच पाहिजे.