ठिणगीची वेळ
अमेरिकेतील मिलवॉकी शहरी ओले एव्हिनरूड यांनी १९०९ साली विक्रीस आणलेल्या, नावेच्या पाठीस टांगावयाच्या यंत्राच्या परंपरेतील जुन्या इंजिनांत, फ्लायव्हीलखाली दडलेल्या, ठिणगीस वीज पुरविणाऱ्या मॅग्नेटोचे पॉइंट, म्हणजे स्पर्शबिंदू, ज्या क्षणी विलग होतात त्याच क्षणी ठिणगी पडते. आणि इंधनाच्या ज्वलनास अवधी लागत असल्यामुळे, पिस्टन शिरोबिंदूस पोहोचण्यापूर्वी किंचित ती पडणे इष्ट. म्हणून पॉइंटांमधील अंतर, अनेक इंजिनांत ०.०२० इंच, गेजाने बिनचूक राखावे: ते वाढले की ठिणगी लवकर, घटले की उशिरा. अकाली ठिणगीने पिस्टन तापून निकामी होण्याची धास्ती, विलंबाने शक्ती क्षीण. थ्रॉटल उघडताना मॅग्नेटोची तबकडीही फिरून ठिणगी आपोआप आगाऊ पडू लागते, ही योजना मला विलक्षण सुंदर वाटते. थ्रॉटल व तबकडी यांना जोडणारा सांधा मात्र ढिला नसावा.