अर्धवट आठवणारे पुस्तक कसे सापडते ?

बँकेच्या काऊंटरवर अधूनमधून एखादा असा खातेदार येतो की ज्याच्याजवळ पासबुक नसते आणि खाते क्रमांकही नसतो. "वडिलांनी काढलेलं खातं आहे, बघा ना साहेब," एवढेच तो सांगतो. खाते जुने असेल तर संगणकही फारशी मदत करीत नाही. मग आम्हांला त्यालाच विचारावे लागते. वडील तेव्हा कोठे कामाला होते ? घर कोणत्या वस्तीत होते ? खात्याला ओळख कोणी दिली ? या उत्तरांतून एखादे वेळी खाते निघते. ग्रंथालयाच्या बालविभागातही असेच खातेदार येतात, हे मला तीन वर्षांपूर्वी समजले. कारण मी स्वतःच त्यांपैकी एक होतो.

सहावीत असताना, म्हणजे १९९० च्या सुमारास, शाळेच्या पत्र्याच्या पेटीतून मला एक पुस्तक वाचायला मिळाले. आमच्या घरात पाठ्यपुस्तकांखेरीज छापील कागद म्हणजे रेशनकार्ड आणि भिंतीवरचे कॅलेंडर. त्यामुळे ते पुस्तक मी अक्षरशः पाठ होईपर्यंत वाचले. आठ दिवसांनी ते परत गेले आणि पुन्हा कधी हाती आले नाही. त्याला मुखपृष्ठ नव्हते, लेखकाचे नावही नव्हते. एवढेच आठवत होते की काही माणसे पृथ्वीच्या एका तुकड्यासह आकाशात फेकली जातात, सूर्य भलत्याच दिशेने उगवतो, आणि शेवटी ती रॉकेटमध्ये बसून पृथ्वीवर परत येतात.

मुलीच्या निमित्ताने मी एका तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयाच्या बालविभागात जाऊ लागलो. तेथील ग्रंथपाल बाईंना एकदा भीतभीतच हे सांगितले. मला वाटले, त्या हसतील. त्यांनी टेबलाच्या खणातून एक वही काढली आणि तारीख घालून माझे म्हणणे लिहून घेतले. या वहीबद्दल पुढे सांगतो.

आधी अडचण काय असते ते पाहू. ग्रंथालयाची तालिका ही लेखकाच्या किंवा पुस्तकाच्या नावाने शोधण्यासाठी केलेली असते. ज्याला ही दोन्ही नावे आठवत नाहीत, त्याला विषयाचा आधार घ्यावा लागतो. परंतु ड्युई यांच्या दशांश वर्गीकरणात मराठी कथा-कादंबरीला ८९१.४६३ हा एकच क्रमांक आहे. त्या क्रमांकाखाली भुताची गोष्ट, चोरांचा माग काढणाऱ्या मुलांची गोष्ट आणि आकाशयात्रा, सगळे एकत्र नांदते. माशांच्या शास्त्रीय माहितीचे पुस्तक विषयावरून सापडते. माशाची गोष्ट मात्र सापडत नाही. इंग्रजीतील चित्रपुस्तकांसाठी ही उणीव ओळखून कॅरोलिन लिमा या अमेरिकन ग्रंथपाल बाईंनी १९८२ साली 'ए टू झू' नावाची विषयवार सूची प्रसिद्ध केली. मराठी पुस्तकांसाठी आपल्याकडे शंकर गणेश दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' आहे. तिचा पहिला भाग १८०० ते १९३७ आणि दुसरा १९३८ ते १९५० या काळातील पुस्तकांचा. एका माणसाने एवढे प्रचंड काम उभे करावे याचे आश्चर्य वाटते. पण माझ्यासारख्याचे पुस्तक त्या काळानंतरचे असले तर पुढची वाट ग्रंथपालालाच काढावी लागते.

ती वाट प्रश्नांची आहे. बाई पहिला प्रश्न पुस्तकाविषयी विचारीतच नाहीत, वाचकाविषयी विचारतात. तेव्हा तुम्ही कितवीत होता ? पुस्तक घरचे, शाळेचे की वाचनालयाचे ? स्वतः वाचले की कोणी वाचून दाखवले ? या उत्तरांवरून साल ठरते. साल ठरले की दाखल नोंदवही कामी येते. ग्रंथालयात आलेले प्रत्येक पुस्तक या नोंदवहीत तारीख, नाव, लेखक, प्रकाशक, किंमत यांसह चढवलेले असते. आमच्या बँकेच्या लेजरसारखेच. पुस्तक फाटून बाद झाले, निर्लेखित झाले, तरी त्याची ओळ नोंदवहीत राहते. बाई त्या चार-पाच वर्षांची पाने वाचकासमोर ठेवतात आणि नावांवरून नुसते बोट फिरवायला सांगतात. आपण होऊन न आठवणारे नाव डोळ्यांसमोर आले की चटकन ओळखू येते, हा त्यांचा अनुभव आहे.

वाचक ज्या गोष्टी छातीठोकपणे सांगतो त्यांवर मात्र त्या फारसा विश्वास ठेवीत नाहीत. "निळं पुस्तक होतं," असे सांगणारे पुष्कळ येतात. वाचनालयात पुस्तके टिकावीत म्हणून मूळ मुखपृष्ठ काढून त्यांना जाड पुठ्ठ्याची बांधणी करतात. त्या वर्षी बाइंडरकडे निळे कापड होते एवढाच त्या निळ्याचा अर्थ ! काही वेळा तर पुस्तक हे पुस्तकच नसते. ती 'किशोर' मासिकातील किंवा 'चांदोबा'तील गोष्ट असते, नाहीतर बालभारतीच्या पाठ्यपुस्तकातील एखादा धडा असतो. 'किशोर' १९७१ साली सुरू झाले आणि त्याचे जुने अंक आता संगणकावर पाहता येतात; त्यामुळे ही एक शंका तरी घरबसल्या फेडता येते.

छपाईच्या खुणा त्या मानाने भरवशाच्या. गुळगुळीत कागद, रंगीत चित्रे, बर्फ, अस्वल आणि परकी नावे असे कोणी सांगितले की ते सोव्हिएत पुस्तक असण्याचा संभव असतो. मॉस्कोहून मराठीत छापून येणारी ती पुस्तके लोकवाङ्मय गृहामार्फत आपल्याकडे अगदी स्वस्तात मिळत असत. त्यातही 'रादुगा प्रकाशन' हे नाव आठवत असेल तर काळ आणखी नक्की होतो. कारण ही संस्था १९८२ साली प्रगती प्रकाशनातून वेगळी झाली, आणि १९९१ साली सोव्हिएत संघच विसर्जित झाला.

आणखी एक घोळ म्हणजे एकच गोष्ट अनेक ठिकाणी असणे. काळीज झाडावर ठेवून आलो असे सांगून मगरीला फसवणारे माकड पंचतंत्रात आहे, तसेच ते सुंसुमार जातकातही आहे. अशा वेळी गोष्ट ओळखली म्हणजे पुस्तक मिळाले असे होत नाही. तेव्हा बाई विचारतात, "त्याच पुस्तकात दुसरी कोणती गोष्ट होती ?" शेजारच्या गोष्टीवरून संग्रह ओळखता येतो. चाळीतले घर आपण शेजाऱ्यांच्या नावावरून शोधतो, तसेच हे.

आता माझ्या पुस्तकाकडे येतो. माझ्या समजुतीप्रमाणे ते सोव्हिएत पुस्तक होते, कारण त्यात रॉकेट होते. बाईंनी आठ-दहा दिवसांनी मला गाठले. म्हणाल्या, "साहेब, रॉकेट जरा बाजूला ठेवा. तिथं माणसं चालायची कशी ते सांगा." मी म्हणालो, चालायची कसली, साधी उडी मारली तरी उंच जायची. आणि थंडी ? थंडी भयंकर, म्हणून ती ज्वालामुखीच्या गुहेत जाऊन राहिली होती. हे बोलेपर्यंत गुहा आपल्याला आठवते आहे याचीच मला कल्पना नव्हती. बाई उठल्या आणि आतल्या कपाटातून भा. रा. भागवतांचे 'मुक्काम शेंडेनक्षत्र' घेऊन आल्या. ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाच्या १८७७ सालच्या कादंबरीवरून भागवतांनी ते मराठीत आणले आहे. शेंडेनक्षत्र म्हणजे धूमकेतू.

मी उभ्यानेच शेवटची पाने उघडली. त्यात रॉकेट नव्हते. ती माणसे बलूनमधून परत येतात. एकोणिसाव्या शतकात लिहिलेल्या कादंबरीत दुसरे काय असणार ! बाई म्हणाल्या, "तुमच्या प्रतीला शेवटची पानं नसतील." आणि मला एकदम आठवले, खरोखरच नव्हती. पुस्तक अर्ध्या वाक्यावर संपत होते. ती माणसे परत आली की नाही या काळजीने मी बरेच दिवस बेचैन होतो. मग कधीतरी त्यांना मीच रॉकेटमधून घरी आणले असावे, आणि पुढे तेच छापील म्हणून तीस वर्षे मनात धरून ठेवले.

डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रे मांडली, त्यांत प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे असे एक सूत्र आहे. परीक्षेसाठी ते पाठ करणाऱ्या विद्यार्थ्यांनी अशा एखाद्या बालविभागात तासभर बसून पाहावे. या कामाची दप्तरी नोंद होत नाही. देवघेवीच्या आकड्यांत एक पुस्तक दिले एवढेच दिसते; आठ दिवसांची विचारपूस दिसत नाही. तालुक्यातील अशा वाचनालयात पगार किती असतो हे मी येथे लिहीत नाही. बँकेत नोकरी करणाऱ्याने ते लिहिणे बरे दिसणार नाही.

बाईंची वही हीच त्यांची विषयसूची आहे. डाव्या पानावर वाचकाने सांगितलेले, उजव्या पानावर सापडलेले नाव. एकाचा शोध दुसऱ्याला उपयोगी पडतो. रेल्वेच्या डब्यांत भरणाऱ्या शाळेचे पुस्तक विचारणारी दुसरी मुलगी आली तेव्हा त्यांना 'तोत्तोचान' हे नाव शोधावे लागले नाही. अडले की त्या बालविभागातल्या मुलांनाच विचारतात, आणि पुष्कळदा मुलेच सांगतात.

आपल्या मंडळाच्या वाचनालयातही अशी एक वही ठेवावी असे मी सुचवले होते. ती आता कपाटाशेजारी टांगली आहे. तसेच एखादे पुस्तक फाटून रद्दीत काढण्याची वेळ आलीच, तर त्यापूर्वी त्याचे नाव, लेखक आणि दोन ओळींत गोष्ट त्याच वहीत उतरवून ठेवावी, ही कार्यकर्त्यांना विनंती आहे.

वहीत पहिली नोंद आपल्याच वस्तीतील एका आजोबांची आहे. उजवे पान अजून कोरे आहे. त्यांनी लहानपणी वाचलेल्या गोष्टीत एका मुलाला नदीच्या पुरातून वाहत आलेली लाकडी पेटी सापडते, आणि तिच्यात नुसत्या किल्ल्या असतात. पुढे काय होते ते त्यांना आठवत नाही. कोणा वाचकाला हे पुस्तक ठाऊक असल्यास त्याने मंडळाच्या वाचनालयात संध्याकाळी सहानंतर येऊन सांगावे.