जंतूंची पंगत आणि मधला खोळंबा

फराळाचे ताट पुढे आले की आधी चकली उचलायची की लाडू, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण डोळ्यांना न दिसणाऱ्या जंतूंपुढे दोन प्रकारच्या साखरा एकदम वाढल्या, तर त्यांचा क्रम ठरलेला असतो. पहिली साखर संपेपर्यंत दुसरीला ते शिवत नाहीत. एवढ्याशा या गोष्टीने जीवशास्त्राचे एक मोठे कुलूप उघडले. ती हकीकत मला फार आवडते, म्हणून ती आज वाचकांपुढे ठेवतो.

हकीकत पॅरिसमधली. जून १९४० मध्ये जर्मन फौजा त्या शहरात शिरल्या. सॉर्बोन विद्यापीठात झाक मोनो नावाचा तिशीचा तरुण डॉक्टरेटसाठी जंतूंच्या वाढीचा अभ्यास करीत होता. पत्नी ज्यू कुळातली, म्हणजे घरावर टांगती तलवार. आणि तो स्वतः पुढे भूमिगत चळवळीत सामील झालेला. अशा दिवसांत हा गृहस्थ काय करीत होता, तर काचेच्या पात्रातले पाणी किती गढूळ झाले हे थोड्या थोड्या वेळाने मोजीत होता! पाणी जितके गढूळ, तितके जंतू अधिक. आकडे कागदावर मांडले की वाढीची चढती रेघ मिळे.

एकच साखर घातली तर रेघ सरळ चढे आणि साखर संपली की थांबे. मोनोने मग साखरांच्या जोड्या घालून पाहिल्या. काही जोड्यांत नेहमीसारखी एकच चढण आली. काहींत मात्र रेघ चढली, मध्येच आडवी पडली, आणि पुष्कळ वेळाने पुन्हा चढू लागली. जणू पंगतीत पहिला वाढपी येऊन गेला आणि दुसऱ्याचा पत्ताच नाही! मोनोने साखरांचे प्रमाण बदलून पाहिले. पहिली साखर जास्त घातली की पहिली चढण तेवढी उंच होई. म्हणजे जंतू एका वेळी एकच साखर खात होते, यात शंका उरली नाही. या दुहेरी वाढीला त्याने ग्रीक शब्दांवरून 'डायॉक्सी' असे नाव दिले.

डिसेंबर १९४० मध्ये त्याने ती रेघ पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या आंद्रे ल्वोफ यांना दाखविली. हा परिस्थितीप्रमाणे नवे एन्झाइम तयार होण्याचा प्रकार असावा, असे ल्वोफ म्हणाले. मोनोने तो शब्दप्रयोग तोवर ऐकलाही नव्हता. पुढची वीस वर्षे मात्र त्याने त्यातच घालविली. मधल्या काळात सॉर्बोनमध्ये राहणे धोक्याचे झाले, तेव्हा ल्वोफ यांनी त्याला आपल्या प्रयोगशाळेत, इमारतीच्या माळ्यावर, जागा दिली.

आता त्या खोळंब्यात काय चालते ते पाहू. आपल्या आतड्यात राहणारा 'ई. कोलाय' हा जंतू घ्या. त्याला ग्लुकोज आणि दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, एकत्र दिली. ग्लुकोज हे वाढलेले ताट; ते पचविण्याची सामग्री सदैव सज्ज. लॅक्टोज म्हणजे न सोललेला नारळ! तो आत आणायला वेगळे दार लागते आणि फोडायला वेगळा कोयता. दार आणि कोयता दोन्ही प्रथिनांची, आणि प्रथिने घडवायला खर्च येतो. ताट भरलेले असताना कोणती शहाणी गृहिणी नारळ सोलीत बसेल? ताट संपले की मग कोयते घडवायला घ्यायचे. हे घडविण्यात जो वेळ जातो, तोच तो खोळंबा.

पण जंतूला ना मेंदू, ना जीभ. मग हे ठरविते कोण? याचे उत्तर मोनो आणि त्याचे सहकारी फ्रान्स्वा जाकोब यांनी १९६१ मध्ये मांडले. कोयत्याच्या जीनपाशी एक पहारेकरी प्रथिन बसलेले असते. लॅक्टोज नसते तेव्हा ते जीनचे काम अडवून धरते. लॅक्टोज आत आले की त्यापासून झालेला एक पदार्थ पहारेकऱ्याला चिकटतो, त्याची पकड सुटते, आणि कोयते घडू लागतात. दारे-कोयते थोडेसे नेहमीच शिल्लक असतात, म्हणून पहिले लॅक्टोज आत शिरू शकते. जीन नुसता असून भागत नाही, तो चालू-बंद होतो, ही कल्पना येथून रुजली. माणसाच्या यकृतात आणि डोळ्यात जीन तेच, तरी कामे निराळी कशी, या प्रश्नाचा धागाही येथेच सापडला. १९६५ मध्ये मोनो, जाकोब आणि ल्वोफ या तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले. पहारेकरी मात्र तोवर तर्कातलाच होता. वॉल्टर गिल्बर्ट आणि बेनो म्युलर-हिल यांनी १९६६ मध्ये त्याला प्रत्यक्ष वेगळा काढला.

चाणाक्ष वाचक येथे अडवतील : दोन्ही साखरा असताना पहारेकरी उठायला हवा, मग कोयते का घडत नाहीत? शंका रास्त आहे. ग्लुकोज आत ओढणाऱ्या यंत्रणेचा एक भाग, ग्लुकोज येत असेपर्यंत, लॅक्टोजचे दारच अडवून ठेवतो. निरोप्याच आत पोचत नाही, मग पहारेकरी उठणार कसा? शिवाय जीन जोराने चालू व्हायला एक मदतनीस प्रथिनही लागते, आणि ग्लुकोजची रेलचेल असताना तेही आळसावते.

ग्लुकोज सर्वच जंतूंना प्रिय असते, असे मात्र नाही. दही-योगर्टच्या विरजणातला 'स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस' जन्माचा दुधातला रहिवासी. त्याच्यापुढे दोन्ही साखरा ठेवल्या तर स्वारी लॅक्टोजकडेच वळते. ते फोडून त्यातले ग्लुकोज खाते आणि उरलेले गॅलॅक्टोज बहुधा तसेच बाहेर टाकून देते!