वाड्यावरचे युवा मित्र

मनाचा आजार घेऊन साखळीच्या दत्तमंदिरात यायचं, ही गोव्यातली जुनी वहिवाट आहे. दत्तगुरूंच्या पायाशी वेड उतरतं, या श्रद्धेनं लांबलांबची माणसं आपल्या माणसाला इथं घेऊन येत आली. औषधोपचाराचा विचार वेगळा, पण या वहिवाटीतली एक गोष्ट मला मोलाची वाटते. आजारी माणूस इथं एकटा येत नाही. कुणीतरी त्याला धरून आणतं, त्याच्याबरोबर थांबतं. गोव्यात तरुणांच्या मनासाठी जे फार विचारपूर्वक काम झालं, तेही अशा सोबतीवरच उभं होतं. त्याचं नाव ‘युवा मित्र’.

हा उपक्रम ‘संगाथ’ या संस्थेचा. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली गोव्यात ती सुरू केली. सुरुवातीला मुलांच्या वाढीचे प्रश्न हाताळले जायचे, पुढे किशोरवय, नैराश्य, दारू असे विषय येत गेले. गोव्यातल्या १२ ते १६ वयाच्या २,०४८ मुलामुलींची या संस्थेच्या संशोधकांनी केलेली पाहणी २००८ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात मानसिक आजाराचं प्रमाण दोन टक्क्यांहूनही कमी आढळलं. घरच्यांचा आधार ज्यांना होता, ती मुलं अधिक सुरक्षित होती. मुलगी म्हणून ज्यांना घरात दुय्यम वागणूक मिळत होती, त्यांच्यात आजाराचं प्रमाण जास्त होतं. किशोरवयाबद्दल बोलताना आपण नेहमी मोबाईलला आणि संगतीला दोष देतो, घरातल्या वागणुकीकडे मात्र सहसा पाहत नाही.

‘युवा मित्र’ १६ ते २४ वयाच्या तरुणांसाठी होता. एक खेडं आणि एक शहरी वस्ती कामासाठी निवडली, आणि तुलनेसाठी तशीच दुसरी जोडी ठेवली. त्या त्या भागातलीच तरुण मुलं निवडून त्यांना शिकवलं. आपल्याच वयाच्या मुलांशी गटात बोलणं, पथनाट्यं करणं, राग, उदासी, नशा, शरीर यांबद्दलची माहिती पोचवणं हे त्यांचं काम. शिक्षकांना वेगळं प्रशिक्षण आणि घरोघर वाचता येईल असं साहित्य, हे त्याचे आणखी दोन भाग होते.

निष्कर्ष २०११ साली आले. जिथं काम झालं त्या दोन्ही ठिकाणी, तुलनेच्या भागांपेक्षा, तरुणांमध्ये नैराश्याची लक्षणं कमी दिसली आणि मारहाणीचे प्रकारही कमी दिसले. शहरी भागात नशा आणि आत्महत्येकडे वळणारं वर्तनही कमी होतं. पण मला सर्वांत बोलका वाटतो तो आणखी एक निष्कर्ष. छापील साहित्य दोन्हीकडे स्वीकारलं गेलं, मात्र सगळा उपक्रम मिळून राबवणं फक्त खेड्यातच जमलं.

असं का व्हावं? माझं मत असं की, ‘मित्र’ म्हणून ज्याला पाठवायचं त्याला वाड्यानं, म्हणजे त्याच्या वस्तीनं, आधीपासून ओळखलेलं असावं लागतं. चवथीला घरोघर आरत्यांना घुमट घेऊन फिरणारा, जत्रेत राबणारा मुलगा उद्या एखाद्याच्या दारात येऊन ‘बरा आसा मरे?’ म्हणून विचारतो, तेव्हा त्याला कुणी ‘तू कोण?’ म्हणत नाही. अनोळखी इमारतीत राहणाऱ्या मुलाला ही सोय नसते.

साखळीला नगरपालिका आहे, सरकारी महाविद्यालय आहे, रवींद्र भवन आहे, आणि तरीही वाडा अजून जागा आहे. त्याचा सगळ्यांत सुंदर पुरावा कार्तिकातल्या पौर्णिमेला वाळवंटीच्या काठी, विठ्ठलापूरला मिळतो. त्रिपुरारी पौर्णिमेच्या या उत्सवासाठी गटागटानं तरुण मुलं नौका तयार करतात. कागद, पुठ्ठा, थर्माकोल, बांबू, मिळेल त्यातून जहाजाचा सांगाडा उभा राहतो. आत दिव्यांची मांडणी होते आणि रात्री या नौका नदीत सोडल्या जातात. स्पर्धा होते, त्रिपुरासुराच्या वधाचा प्रसंग रंगतो, काठावर गर्दी मावत नाही. पण माझं लक्ष जातं ते आधीच्या रात्रींकडे. एकाला मापं कळतात, दुसऱ्याला वायरिंग, तिसऱ्याचा हात रंगात बसलेला. धाकटे थोरल्यांकडून शिकतात आणि नौका पाण्यात कलली तर दोष कुणा एकावर येत नाही.

हाताला काम आणि मनाला उभारी यांचा संबंध ‘संगाथ’नं दुसऱ्या एका प्रयोगात पारखला आहे. गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ रुग्णांवर झालेला हा अभ्यास २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. समुपदेशक डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधरही नव्हते. प्रशिक्षण घेतलेली साधी माणसं होती. रुग्णाला सहा ते आठ वेळा भेटायचं आणि सुटून गेलेल्या, आवडत्या, उपयोगी गोष्टी त्यानं थोड्याथोड्यानं पुन्हा करायला घ्याव्यात म्हणून मदत करायची. बरं वाटल्यावर करू, असं म्हणत थांबायचं नाही, करता करता बरं वाटू लागतं, ही त्यामागची समज. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्या गटातले ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आलेले होते, फक्त नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हेच प्रमाण ३९ टक्के होतं. समुपदेशक आपल्या भेटींची ध्वनिमुद्रणं एकत्र ऐकत आणि एकमेकांचं काम तपासत. ही शिस्त नसती तर हे यश आलं नसतं, असं मला ठामपणे वाटतं.

साखळी ज्या डिचोली तालुक्यात येते, त्याला अशा सोबतीची गरज इतरांपेक्षा जास्त आहे. २०१२ साली इथल्या खाणी बंद झाल्या, मध्ये सुरू होऊन २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा थांबल्या. खनिज वाहणारा दारातला ट्रक जागेवर गंजताना पाहत ज्या घरांतली मुलं मोठी झाली, त्यांनी बापाची चिंता न बोलताच उचललेली असते. ती चिंता शाळेच्या निकालात दिसत नाही.

म्हणून विठ्ठलापूरच्या नौकांच्या गटांतूनच साखळीचे युवा मित्र निवडावेत. दर गटातून एक मुलगा, एक मुलगी. मुलींसाठी चवथीच्या फुगडीचे गटही आहेत, तिथली थोरली मुलगी या कामाला फार योग्य. त्यांना ऐकायला शिकवायचं, सल्ले कमी द्यायला शिकवायचं. रोज येणारा कुणी अचानक यायचा थांबला, तर त्याच्या घरी जायला शिकवायचं. कुणी मरणाची भाषा बोललं तर ते गुपित ठेवायचं नाही, ताबडतोब मोठ्या माणसाला आणि डॉक्टरांना सांगायचं, हेही पक्कं सांगायचं. त्यासाठी बांबोळीचं मानसोपचार रुग्णालय आहे, आणि २०२२ पासून ‘टेली-मानस’ या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक आहे.

मित्रांनाही कुणीतरी लागतं. दुसऱ्याचं दुःख ऐकून विशीतला मुलगा थकतो. आठवड्यातून एकदा या सगळ्यांना बसवून, काय ऐकलं, कुठं अडलं हे विचारणारी एक जाणती व्यक्ती साखळीच्या सरकारी आरोग्य केंद्रात पगारावर नेमली पाहिजे. वर्षातून एकदा व्याख्यान ठेवून हे काम होणार नाही. नौकेच्या सामानासाठी घरोघर वर्गणी मिळते, या नेमणुकीचा खर्च मात्र सरकारनं आणि नगरपालिकेनं उचलायला हवा, आणि तो पुढच्या त्रिपुरारीच्या आधी मंजूर व्हायला हवा.